किती आणि कोणत्या प्रकारची? सी भाषेतील बदलत्या आर्ग्युमेंट्सचा प्रश्न

सी भाषेच्या पहिल्याच धड्यात विद्यार्थ्याच्या हाती प्रिंटएफ हे फंक्शन पडते. त्याला एक आर्ग्युमेंट दिले तरी चालते, सात दिली तरी चालतात. पूर्णांक असो, अपूर्णांक असो की मजकूर, ते छापून मोकळे होते. हीच सोय स्वतःच्या फंक्शनमध्ये हवी असेल, आणि ते फंक्शन कोणत्याही यंत्रावर, कोणत्याही कंपायलरखाली सारखेच चालायला हवे असेल, तर मात्र प्रश्न पहिल्या धड्यात मावत नाही. ब्रायन कर्निहॅन आणि डेनिस रिची यांनी १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द सी प्रोग्रामिंग लँग्वेज’ या पुस्तकात याची स्पष्ट कबुली दिली होती. असे फंक्शन पोर्टेबल रीतीने लिहिण्याचा पूर्णपणे समाधानकारक मार्ग नाही, कारण एखाद्या कॉलमध्ये आपल्याला नेमकी किती आर्ग्युमेंट्स मिळाली हे फंक्शनला कळण्याची पोर्टेबल सोय नाही, असे त्यांनी लिहिले. या अडचणीचे खरे तर दोन भाग आहेत. आर्ग्युमेंट्स यंत्रात कुठे ठेवली आहेत आणि ती एकामागून एक कशी उचलायची, हा पहिला. ती किती आहेत आणि कोणत्या प्रकारची आहेत, हा दुसरा. पहिला भाग १९८९ च्या प्रमाणीकरणाने सोडवला. दुसरा भाग आजही भाषेने सोडवलेला नाही. तो प्रोग्रामरवर सोपवला आहे. या विषयातले बहुतेक अपघात दुसरा भागही सुटला आहे असे गृहीत धरल्याने होतात, आणि चांगल्या सवयी तो सुटलेला नाही हे ओळखून लावून घेतलेल्या असतात, असे माझे म्हणणे आहे.

प्रश्न कुठून आला ते आधी पाहू. सीची जडणघडण १९७० च्या दशकाच्या आरंभी बेल लॅब्जमध्ये, पीडीपी-११ या यंत्रावर झाली. त्या काळच्या सीमध्ये फंक्शनच्या घोषणेत पॅरामीटरचे प्रकार लिहीत नसत आणि कॉल करताना दिलेली आर्ग्युमेंट्स कंपायलर तपासत नसे. आर्ग्युमेंट्स स्टॅकवर एकाला लागून एक ठेवली जात. त्यामुळे पहिल्या पॅरामीटरचा पत्ता घ्यायचा आणि पॉइंटर पुढे सरकवत जायचे, एवढ्यावर काम भागे. आर्ग्युमेंट्सची संख्या सांगणारे नार्ग्स नावाचे एक फंक्शनही युनिक्सच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत होते. कॉल संपल्यावर स्टॅक किती मागे घेतला जाणार आहे हे ते कॉलनंतरच्या यंत्रसूचनेत डोकावून पाही आणि त्यावरून संख्येचा अंदाज बांधी. पीडीपी-११ च्या मोठ्या मॉडेलांत सूचना आणि डेटा यांच्यासाठी वेगळ्या जागा आल्या. तेथे सूचना डेटासारख्या वाचता येत नसत, त्यामुळे हे फंक्शन कायमचे निकामी झाले. ते टाळावे आणि आर्ग्युमेंट्सची संख्या उघडपणे पाठवावी, असा सल्ला त्याच्याच माहितीपत्रकात दिला गेला. संख्येचा प्रश्न यंत्राच्या पोटात हात घालून सुटत नाही, कॉल करणाऱ्यानेच ती सांगावी लागते, हा धडा भाषा अगदी तरुण असतानाच मिळाला होता.

युनिक्स आणि सी १९७७-७८ च्या सुमारास इंटरडेटा ८/३२ वर नेले गेले, पुढे इतर यंत्रांवर पोहोचले आणि आर्ग्युमेंट्सच्या मांडणीबद्दलची गृहीतके एकेक करून ढासळू लागली. काही यंत्रांवर स्टॅक उलट दिशेने वाढे, काहींवर प्रत्येक प्रकारासाठी पत्त्याची वेगळी अट असे, काहींवर पहिली काही आर्ग्युमेंट्स स्टॅकवर न जाता रजिस्टरमध्ये जात. युनिक्सच्या सातव्या आवृत्तीतील लिंट हे तपासनीस साधन फंक्शन कॉलमधली विसंगती दाखवून देई. जिथे संख्या जाणूनबुजून बदलती ठेवली असेल तिथे तसे सांगणारी एक खास टीप कोडमध्ये लिहावी लागे. त्यानंतर युनिक्समध्ये ‘व्हारआर्ग्ज’ नावाची हेडर फाइल आली आणि यंत्रागणिक बदलणारे तपशील काही मॅक्रोंच्या मागे गेले. १९८९ च्या अमेरिकी प्रमाणाने आणि १९९० च्या आंतरराष्ट्रीय प्रमाणाने हीच कल्पना सुधारून ‘एसटीडीआर्ग’ ही हेडर फाइल दिली. सी++ मधून आलेली प्रोटोटाइपची पद्धत आणि पॅरामीटरांच्या यादीच्या शेवटी तीन टिंबे देण्याची खूण हीदेखील त्याच वेळी रूढ झाली.

या सोयीची रचना लहानशी आहे. व्हीए-लिस्ट हा प्रकार म्हणजे आर्ग्युमेंट्सच्या रांगेत आपण कुठवर आलो याची खूण. व्हीए-स्टार्ट ही खूण शेवटच्या नामांकित पॅरामीटरनंतर उभी करतो. व्हीए-आर्गला आपण प्रकाराचे नाव देतो; त्या प्रकाराचे मूल्य हाती येते आणि खूण पुढे सरकते. व्हीए-एंड शेवटी आवराआवर करतो. बऱ्याच यंत्रांवर व्हीए-एंड काहीच करत नाही, म्हणून तो गाळण्याचा मोह होतो. पण काही जुन्या कंपायलरांत व्हीए-स्टार्टमध्ये महिरपी कंस उघडलेला असे आणि तो व्हीए-एंडमध्ये बंद होई. म्हणून दोन्ही एकाच फंक्शनमध्ये आणि जोडीनेच आले पाहिजेत. व्हीए-आर्गच्या वागण्यात एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. पुढचे मूल्य कोणत्या प्रकारचे आहे हे आपण त्याला सांगतो, ते आपल्याला सांगत नाही. समोर काय आहे याची त्याला कसलीच कल्पना नसते. आपण दुसराच प्रकार सांगितला तर ते निमूटपणे तेवढे बाइट उचलते, आणि त्यापुढे काय होईल याची कसलीही हमी प्रमाण देत नाही. रांग संपली हेसुद्धा त्याला कळत नाही.

म्हणून संख्या आणि प्रकार ही माहिती दुसऱ्या वाटेने पोहोचवावी लागते. गेल्या पाच दशकांत अशा तीन वाटा रुळल्या. पहिली, संख्या आधीच सांगणे: ‘पुढे पाच इंट आहेत’. ती सोपी आहे, पण सगळी मूल्ये एकाच प्रकारची असावी लागतात आणि कोड बदलताना मोजदाद चुकली तर कोणी बजावत नाही. दुसरी, शेवटी एक खुणेचे मूल्य ठेवणे. युनिक्समधील एक्झेकएल या कुळात यादी संपल्याचे रिकाम्या पॉइंटरने कळते. तिसरी, प्रिंटएफसारखी स्वरूप-स्ट्रिंग देणे, जिच्यातून संख्या आणि प्रकार दोन्ही कळतात. तिसरी वाट सर्वांत समर्थ आणि म्हणूनच सर्वांत धोक्याची, कारण तिच्यात यादीचे वर्णन हाच एक छोटा प्रोग्राम होतो. चौथा प्रकार थोडा आडवळणाचा आहे: आधीच्या एका आर्ग्युमेंटच्या मूल्यावर पुढचे असणे-नसणे ठरते. पॉझिक्समधील ओपन या फंक्शनला नवी फाइल तयार करण्याची खूण दिली असेल तरच परवानगीचे तिसरे आर्ग्युमेंट वाचले जाते. खूण देऊन ते आर्ग्युमेंट विसरले, तर त्या जागी पडून असलेल्या कचऱ्यातून फाइलच्या परवानग्या ठरतात. ही चूक इतकी सर्रास होते की जीलिबसीच्या कडक तपासणीत ती कंपाइल करतानाच पकडण्याची तरतूद केलेली आहे.

वाट कोणतीही असो, पाठवणारा आणि घेणारा यांच्यात प्रकारांचा मेळ बसला पाहिजे, आणि तिथे सीचे एक जुने वळण आडवे येते. तीन टिंबांच्या जागी जाणाऱ्या मूल्यांचे आपोआप मोठ्या प्रकारात रूपांतर होते: कॅरॅक्टर आणि शॉर्ट यांचे सर्वसाधारणपणे इंट होते, फ्लोटचे डबल होते. म्हणून व्हीए-आर्गकडे कॅरॅक्टर किंवा फ्लोट मागणे ही नेहमीच चूक असते. तशी मूल्ये त्या रांगेत कधीच नसतात. याच कारणाने शेवटचा नामांकित पॅरामीटरही अशा आपोआप बदलणाऱ्या प्रकाराचा नसावा, असे १९८९ च्या प्रमाणाने बजावले. इंटपेक्षा मोठ्या प्रकारांना मात्र हे रूपांतर मदत करत नाही. साध्या फंक्शनला लाँग हवा असताना इंट दिला तर प्रोटोटाइप पाहून कंपायलर बदल करून घेतो. तीन टिंबांच्या जागी असे कोणी करत नाही. ६४ बिटी लिनक्सवर लाँग ६४ बिटांचा असतो, ६४ बिटी विंडोजवर ३२ बिटांचाच. त्यामुळे एकीकडे योगायोगाने जुळणारा कोड दुसरीकडे मोडतो. जगभर वापरल्या जाणाऱ्या लिबकर्ल या लायब्ररीचे पर्याय ठरवणारे फंक्शन याचे चांगले उदाहरण आहे. त्याचे तिसरे आर्ग्युमेंट पर्यायानुसार लाँग, पॉइंटर किंवा मोठा पूर्णांक असते, आणि साधा एक हा आकडासुद्धा लाँग म्हणून स्पष्ट लिहावा असे तिच्या दस्तऐवजात सांगितले आहे. भाषा ही तपासणी करत नाही म्हणून त्या प्रकल्पाने जीसीसी वापरणाऱ्यांसाठी खास तपासणी मॅक्रो लिहून दिले. प्रिंटएफच्या कुळासाठीही असाच मार्ग निघाला: १९९९ च्या प्रमाणाने आकारमानाच्या प्रकारासाठी वेगळे चिन्ह दिले, ठरावीक रुंदीच्या पूर्णांकांसाठी तयार मॅक्रो दिले, आणि ‘अमुक यंत्रावर हा प्रकार बहुधा लाँग असतो’ असल्या अंदाजांची गरज संपवली.

रिकाम्या पॉइंटरची गोष्ट याच जातीची आहे. यादी संपवण्यासाठी नल हा मॅक्रो लिहिला की काम झाले असे वाटते. पण सीच्या प्रमाणाप्रमाणे नल हा नुसता शून्य असू शकतो, आणि तीन टिंबांच्या जागी नुसते शून्य म्हणजे इंट. इंट ३२ बिटांचा आणि पॉइंटर ६४ बिटांचा असलेल्या यंत्रावर पॉइंटर वाचताना वरचे ३२ बिट काय असतील ते सांगता येत नाही. ते शून्य नसले तर यादी संपतच नाही. पॉझिक्सने पुढे नल हा व्हॉइड पॉइंटरच असावा अशी अट घातली आणि व्हॉइड पॉइंटर व कॅरॅक्टर पॉइंटर एकमेकांच्या जागी वाचायला प्रमाणाची परवानगी आहे, म्हणून पॉझिक्सवर मजकुरांच्या यादीपुरता धोका टळतो. ज्याला पॉझिक्सबाहेरही चालायचे आहे त्याने मात्र शेवटचे मूल्य हव्या त्या पॉइंटर प्रकारात स्पष्टपणे बदलून लिहावे, यात तडजोड नाही.

आता यंत्राच्या पातळीवर उतरू, कारण ‘माझ्याकडे तर चालते’ हा सर्वांत मोठा आक्षेप तिथूनच येतो. ३२ बिटी इंटेल यंत्रांवर आर्ग्युमेंट्स स्टॅकवर असत आणि व्हीए-लिस्ट हा बहुधा साधा पॉइंटर असे. लिनक्ससारख्या प्रणाली ६४ बिटी इंटेलवर जो करार पाळतात, त्यात पहिली सहा पूर्णांक किंवा पॉइंटर आर्ग्युमेंट्स सामान्य रजिस्टरांत आणि पहिली आठ अपूर्णांक आर्ग्युमेंट्स वेगळ्या रजिस्टरांत जातात. तिथे व्हीए-लिस्ट म्हणजे एका स्ट्रक्चरची एकघटकी अ‍ॅरे असते, आणि त्या स्ट्रक्चरमध्ये दोन्ही जातींच्या रजिस्टरांपैकी किती वाचून झाली, त्यांची जतन केलेली मूल्ये कुठे आहेत आणि उरलेली स्टॅकवर कुठे आहेत, हे चार क्षेत्रांत नोंदलेले असते. ६४ बिटी विंडोजवर चारच रजिस्टरे वापरली जातात; अशा फंक्शनला दिलेले अपूर्णांक मूल्य दोन्ही जातींच्या रजिस्टरांत ठेवले जाते आणि व्हीए-लिस्ट पुन्हा साधा पॉइंटर होते. ६४ बिटी आर्मच्या मूळ करारात ती पाच क्षेत्रांची स्ट्रक्चर आहे. अ‍ॅपलने आपल्या ६४ बिटी आर्म प्रणालींवर तीन टिंबांच्या जागची सगळी आर्ग्युमेंट्स स्टॅकवरच ठेवायची असे ठरवले. चार ६४ बिटी प्रणाली आणि चार वेगळ्या मांडण्या. पहिल्या आर्ग्युमेंटचा पत्ता घेऊन पुढे सरकण्याची पीडीपी-११ च्या काळची युक्ती यांपैकी बहुतेक ठिकाणी बुडते. व्हीए-लिस्टच्या पोटात काय आहे हे ठाऊक आहे असे धरून लिहिलेला कोड त्या एका प्रणालीपुरताच कोड असतो.

या भिन्नतेतून उपजणारी सर्वांत फसवी चूक खूण दुसऱ्या फंक्शनकडे सोपवताना होते. व्हीए-लिस्ट साधा पॉइंटर असेल तिथे कॉल केलेल्या फंक्शनला तिची प्रत मिळते आणि मूळ खूण जागची हलत नाही. ती अ‍ॅरे असेल तिथे पॉइंटरच जातो आणि मूळ खूणही पुढे सरकते. म्हणून एकाच खुणेवर दोनदा छापणारा कोड ३२ बिटी यंत्रावर वर्षानुवर्षे बिनतक्रार चालला आणि ६४ बिटी लिनक्सवर येताच दुसऱ्या वेळी कचरा वाचू लागला. प्रमाणाचा नियम दोन्ही वागणुकींना जागा देणारा आहे: खूण दुसऱ्या फंक्शनला दिली आणि त्याने व्हीए-आर्ग वापरला, तर परतल्यावर तिची स्थिती अनिश्चित धरावी आणि तिला फक्त व्हीए-एंड लावावा. दोनदा वाचायचे असेल तर १९९९ च्या प्रमाणात आलेल्या व्हीए-कॉपीने आधीच प्रत घ्यावी आणि त्या प्रतीलाही वेगळा व्हीए-एंड द्यावा. याची गरज रोज पडते. मजकुराला किती जागा लागेल हे आधी मोजायचे, तेवढी मेमरी घ्यायची आणि मग पुन्हा लिहायचे, ही सरधोपट रीत दोन फेऱ्यांवरच उभी आहे. तिला आणखी एक काटा होता. व्हीएसएनप्रिंटएफने जागा अपुरी असताना लागणारी लांबी परत द्यावी असे १९९९ चे प्रमाण सांगते; पण २.१ च्या आधीची जीलिबसी उणे एक देत असे, आणि मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरात प्रमाणानुसार वागणारे एसएनप्रिंटएफ २०१५ च्या व्हिज्युअल स्टुडिओपासून आले.

सोपवण्याच्या या प्रश्नातूनच रचनेचा एक महत्त्वाचा नियम निघतो. तीन टिंबांचे एक फंक्शन आपल्याला मिळालेली यादी तीन टिंबांच्या दुसऱ्या फंक्शनला जशीच्या तशी देऊ शकत नाही. त्यासाठी भाषेत वाक्यरचनाच नाही. म्हणून प्रमाण लायब्ररीत प्रिंटएफबरोबर व्हीप्रिंटएफ, एफप्रिंटएफबरोबर व्हीएफप्रिंटएफ अशा जोड्या आहेत. खरे काम व्हीए-लिस्ट घेणाऱ्या फंक्शनमध्ये होते आणि तीन टिंबांचे फंक्शन केवळ खूण उभी करून, काम सोपवून, खूण मिटवून परतते. स्वतःची लायब्ररी लिहिणाऱ्याने ही जोडी नेहमी ठेवावी. व्हीए-लिस्ट घेणारे फंक्शन न देणारी लायब्ररी आपल्या वापरकर्त्याला स्वतःचे आवरण लिहिण्याची वाटच बंद करते.

कराराची दुसरी बाजू कॉल करणाऱ्याकडे असते. अशा फंक्शनचा प्रोटोटाइप समोर नसताना त्याला कॉल करणे १९८९ पासूनच प्रमाणाबाहेर आहे, कारण तीन टिंबे आहेत हे कळल्याशिवाय आर्ग्युमेंट्स कुठे ठेवायची ते कंपायलर ठरवू शकत नाही. अनेक वर्षे हा नियम मोडूनही निभावले, म्हणून तो पुस्तकी वाटे. अ‍ॅपलच्या ६४ बिटी आर्मवर त्याची किंमत कळली. ठरावीक आर्ग्युमेंट्सचे फंक्शन तीन टिंबांचे आहे असे भासवून, किंवा उलट, पॉइंटरमार्फत कॉल करणारा कोड तिथे सरळ चुकीची मूल्ये वाचतो, कारण एक बाजू रजिस्टरात पाहते आणि दुसरी स्टॅकवर. दुसऱ्या भाषांतून सीच्या लायब्ररीला कॉल करणाऱ्यांनाही हाच फटका बसतो: ओपन किंवा लिबकर्लचे पर्यायी फंक्शन ठरावीक आर्ग्युमेंट्सचे आहे असे जाहीर केले की इंटेलवर चालणारा दुवा तिथे तुटतो. सी सोडून द्यावी म्हणजे प्रश्न संपेल, या आक्षेपाला इथेच उत्तर मिळते. इतर भाषा एकमेकींशी बोलताना बहुधा सीच्याच कॉल-करारातून बोलतात. त्यामुळे सी सोडलेल्यांनाही या कराराचे नियम पाळावेच लागतात.

सुरक्षेचा मुद्दा तर स्वरूप-स्ट्रिंगच्या मुळाशीच आहे. बाहेरून आलेला मजकूर प्रिंटएफला पहिले आर्ग्युमेंट म्हणून दिला, तर यादीचे वर्णन परक्याच्या हाती जाते. तो न दिलेली आर्ग्युमेंट्स वाचायला सांगू शकतो, आणि %एन या चिन्हाने मेमरीत लिहायलाही लावू शकतो. जून २००० मध्ये डब्ल्यूयू-एफटीपीडी या फाइल-सर्व्हरच्या २.६.० आवृत्तीत अशी चूक सापडली आणि दूरवरून यंत्राचा पूर्ण ताबा घेता येतो हे सिद्ध झाले. हा दोष नवशिक्यांपुरता राहिला नाही. २०१२ साली सुडू या प्रोग्रामच्या तपासणी-संदेशांत तो निघाला, आणि त्याचे मूळ प्रोग्रामच्या नावाचा मजकूर स्वरूप-स्ट्रिंगमध्ये मिसळण्यात होते. २०२१ साली एका वायफाय नेटवर्कचे नाव अशाच टक्केचिन्हांचे ठेवले की आयफोनची वायफाय सोय बंद पडते असे दिसून आले आणि आयओएस १४.७ मध्ये दुरुस्ती करावी लागली. उपाय एका ओळीचा आहे: स्वरूप-स्ट्रिंग कोडमध्येच लिहिलेली असावी आणि बाहेरचा मजकूर %एस मार्फत आर्ग्युमेंट म्हणूनच यावा. मायक्रोसॉफ्टने %एन मुळातच बंद ठेवले, जीलिबसीच्या कडक पातळीवर लिहिण्याजोग्या मेमरीतील स्वरूप-स्ट्रिंगमध्ये %एन आढळल्यास प्रोग्राम थांबवला जातो. ही कुंपणे चांगली आहेत, पण ती चुकीनंतरची आहेत.

यावर दुसरा आक्षेप येतो: आता कंपायलर इशारे देतात, मग एवढी चिंता कशाला? जीसीसी आणि क्लँग प्रिंटएफच्या स्वरूप-स्ट्रिंगशी आर्ग्युमेंट्स ताडून पाहतात हे खरे आहे. आपल्या फंक्शनवर ‘फॉरमॅट’ हा गुणविशेष लावला की तीच तपासणी त्यालाही मिळते. यादीच्या शेवटी रिकामा पॉइंटर हवा असेल तर ‘सेंटिनल’ हा गुणविशेष आहे. ही साधने न वापरणे हा निष्काळजीपणा आहे. पण ती प्रमाणाचा भाग नाहीत. शिवाय आपण स्वतः शोधलेली चिन्हे त्यांना कळत नाहीत, आणि स्वरूप-स्ट्रिंग प्रोग्राम चालतानाच ठरत असेल तर त्यांचा काही उपयोग होत नाही. शेवटची स्थिती अपवादात्मक नाही, आणि मराठी वाचकांशी तिचा थेट संबंध आहे. मुक्त सॉफ्टवेअरचे संदेश गेटटेक्स्टमार्फत मराठीत येतात तेव्हा भाषांतरित स्वरूप-स्ट्रिंग प्रोग्राम चालताना वाचली जाते. इंग्रजी संदेशात झालेल्या फायलींचा आकडा आधी आणि एकूण आकडा नंतर येतो. मराठीत ‘५० पैकी १२ फायली झाल्या’ असेच म्हणावे लागते, म्हणजे क्रम उलटतो. पॉझिक्सने यासाठी आर्ग्युमेंटचा क्रमांक लिहिण्याची सोय दिली आहे; सीच्या प्रमाणात ती नाही आणि विंडोजवर त्यासाठी वेगळी फंक्शन्स आहेत. क्रमांक वापरले तर मधले एकही आर्ग्युमेंट वगळता येत नाही, कारण व्हीए-आर्ग प्रकार सांगितल्याशिवाय पुढे सरकत नाही. पाचव्यापर्यंत पोहोचायचे तर पहिल्या चारांचे प्रकार माहीत असलेच पाहिजेत. गेटटेक्स्टची तपासणी मूळ आणि भाषांतर यांतले प्रकार जुळतात का हे पाहते, आणि ती प्रत्येक भाषांतर-प्रकल्पात सक्तीची असावी. पण दोन्ही आर्ग्युमेंट्स पूर्णांकच असतील तर अदलाबदल कोणतेही साधन पकडू शकत नाही. तिथे मराठी येणाऱ्या माणसानेच वाचावे लागते.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: एवढे धोके असतील तर तीन टिंबे वापरायचीच कशाला? यात बरेच तथ्य आहे. एक्झेकएलच्या शेजारीच एक्झेकव्ही आहे. तिथे आर्ग्युमेंट्स अ‍ॅरेतून जातात, त्यांची संख्या प्रोग्राम चालताना ठरू शकते आणि प्रकार कंपायलर तपासतो. संख्या आधी माहीत नसेल तर तीन टिंबांचा उपयोगच नसतो, कारण कॉलमधली आर्ग्युमेंट्स कोड लिहितानाच ठरलेली असतात. १९९९ च्या प्रमाणातील बदलत्या आर्ग्युमेंट्सचे मॅक्रो आणि जागच्या जागी अ‍ॅरे तयार करण्याची सोय यांची जोड दिली, तर लिहिणाऱ्याला तीन टिंबांसारखीच मोकळीक मिळते आणि आत मात्र अ‍ॅरे व तिची अचूक लांबी जाते. मोजदाद साइझऑफ करतो, माणूस नव्हे. वेगवेगळे प्रकार हवे असतील तर २०११ च्या प्रमाणातील जेनेरिक निवडीने प्रत्येक मूल्याला प्रकाराची खूण जोडून पाठवता येते. या पद्धतींचा कोड लांबतो आणि त्यांतील चुकांचे संदेश क्लिष्ट असतात, हे मान्य करावे लागेल. तरीही नवा इंटरफेस आखताना पहिली पसंती अ‍ॅरे आणि लांबी यांनाच असावी. तीन टिंबांना न्याय्य जागा उरते ती स्वरूप-स्ट्रिंगवर चालणाऱ्या संदेशांच्या आणि नोंदींच्या फंक्शन्सची. तिथे वाचनीयतेचा लाभ मोठा आहे, आणि तपासणीची साधने नेमकी त्याच ठिकाणी सर्वांत पक्की आहेत.

ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, सी२३ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रमाणाने काही गाठी सोडवल्या. आता नामांकित पॅरामीटर नसतानाही तीन टिंबांचे फंक्शन लिहिता येते, आणि व्हीए-स्टार्टला शेवटच्या पॅरामीटरचे नाव देण्याची सक्ती उरली नाही. रिकाम्या पॉइंटरसाठी नलपीटीआर हे स्वतंत्र मूल्य आले, आणि ते यादीच्या शेवटी ठेवून कॅरॅक्टर पॉइंटर म्हणून वाचणे प्रमाणसंमत झाले. रिकाम्या कंसांचा अर्थ ‘पॅरामीटर नाहीत’ असा ठरल्याने, प्रोटोटाइपशिवायच्या कॉलची जुनी फट बुजली. या सुधारणा स्वागतार्ह आहेत, पण सगळ्या कडेकडेच्या आहेत. आपल्याला किती आर्ग्युमेंट्स मिळाली हे विचारण्याची सोय सी२३ मध्येही नाही, आणि पुढचे कोणत्या प्रकारचे आहे हे विचारण्याचीही नाही. ती द्यायची तर प्रत्येक कॉलबरोबर जादा माहिती पाठवावी लागेल आणि असंख्य आधीच कंपाइल झालेल्या लायब्रऱ्यांशी असलेला करार मोडेल. म्हणून ती लवकर येईल अशी आशा धरू नये, आणि जुने कंपायलर सांभाळणाऱ्यांनी सी२३ च्या सवलतींवरही विसंबू नये.

तर १९७८ ची तक्रार निम्मी मिटली आहे, आणि उरलेली निम्मी सांभाळण्याचे काम लिहिणाऱ्याचे आहे. अशा फंक्शनचा करार, म्हणजे संख्या कशी कळणार, कोणते प्रकार चालणार आणि शेवट कसा ओळखणार, हेडर फाइलमध्ये फंक्शनच्या घोषणेशेजारी शब्दांत लिहावा. तीन टिंबांचे फंक्शन पातळ ठेवावे आणि व्हीए-लिस्ट घेणारे जोडफंक्शन नेहमी द्यावे. कंपायलरला समजेल अशा गुणविशेषांत करार नोंदवावा आणि इशाऱ्यांना चुका मानावे. खुणेची प्रत व्हीए-कॉपीनेच घ्यावी आणि प्रत्येक खूण तिथल्या तिथे मिटवावी. किमान दोन वेगळ्या कॉल-करारांच्या यंत्रांवर, आणि त्यांपैकी एक अ‍ॅपलचे आर्म यंत्र असल्यास उत्तम, चाचणी घेतल्याशिवाय कोडला पोर्टेबल म्हणू नये. आणि नवे फंक्शन आखताना तीन टिंबे टाइप करण्याआधी एकदा विचारावे: इथे अ‍ॅरे आणि लांबी दिली तर भागेल का? बहुतेक वेळा भागते.